गुडघ्याच्या संधिवातावरच्या शस्त्रक्रिया : चाचण्यांमधून नेमकं काय कळलंय?

पाऊलवाट (धागाकर्ती)

गुडघेदुखीवर इथे अधूनमधून बोलणं होतं. शस्त्रक्रियेचा विषय निघाला की मात्र 'आमच्या ओळखीत एकांनी केली, आता मस्त चालतात' आणि 'अजिबात करू नका, आमच्याकडे वाया गेली' अशी दोनच टोकं दिसतात. दोन्ही अनुभव खरे असतात. पण शस्त्रक्रिया केली नसती तर त्याच गुडघ्याचं काय झालं असतं, हे त्या माणसाला कधीच पाहता येत नाही. ते पाहायची सोय फक्त चाचणीत असते. मी क्लिनिकल ट्रायल्सच्या आकडेवारीचं काम करते, म्हणून हा धागा.

आधी दुखण्याच्या स्वभावाबद्दल. झिजेच्या संधिवाताचं दुखणं सरळ रेषेत वाढत नाही. काही महिने बरे जातात, काही फार वाईट. माणूस ऑपरेशनला तयार होतो तो बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत. त्यानंतर काहीही केलं, अगदी काहीही केलं नाही, तरी थोडा उतार पडण्याची शक्यता असतेच. त्यात ऑपरेशननंतर विश्रांती मिळते, वेदनाशामक गोळ्या नियमित घेतल्या जातात, व्यायाम सुरू होतो, 'आता बरं वाटणार' ही खात्री असते. या सगळ्याचं श्रेय आपण शस्त्रक्रियेला देतो. म्हणून कुठल्याही शस्त्रक्रियेचा निकाल वाचताना माझा पहिला प्रश्न असतो : तुलना कशाशी केली?

या प्रश्नाचं सगळ्यात धक्कादायक उत्तर २००२ साली मिळालं. तोवर संधिवाताच्या गुडघ्यात दुर्बीण घालून सांधा धुणं, सुटे तुकडे काढणं, खडबडीत कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) तासणं हे सर्रास चालायचं आणि रुग्णांना बरंही वाटायचं. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये, माजी सैनिकांसाठीच्या रुग्णालयात, ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाचा सांधा नुसता धुतला, दुसऱ्याचा धुऊन साफही केला आणि तिसऱ्या गटावर केली ती लुटुपुटूची शस्त्रक्रिया.

ही लुटुपुटूची शस्त्रक्रिया कशी केली ते वाचण्यासारखं आहे. रुग्ण ऑपरेशनच्या खोलीत आल्यावर सर्जनच्या हातात बंद पाकीट दिलं जायचं. तोवर कोण कुठल्या गटात हे सर्जनलाही ठाऊक नसायचं. पाकिटात 'प्लासिबो', म्हणजे लुटुपुटूची शस्त्रक्रिया, निघालं तर रुग्णाला गुंगीचं औषध देऊन कातडीवर तीन छोटे छेद घ्यायचे. सर्जन नेहमीसारखी सगळी उपकरणं मागायचे, पाय हलवायचे, सांधा धुतल्याचा आवाज यावा म्हणून सलाईनचं पाणी उडवायचे. सांध्यात मात्र काहीच घालायचे नाहीत. खऱ्या ऑपरेशनला लागतो तेवढा वेळ रुग्णाला आतच ठेवायचं आणि रात्रभर रुग्णालयात. ज्या परिचारिका काळजी घ्यायच्या त्यांनाही गट माहीत नसायचा.

दोन वर्षं पाठपुरावा केला. वेदना आणि हालचाल, दोन्ही बाबतींत खऱ्या शस्त्रक्रियेचे दोन्ही गट लुटुपुटूच्या गटापेक्षा कुठल्याही टप्प्यावर सरस ठरले नाहीत. उलट चालण्या-चढण्याच्या प्रत्यक्ष मोजमापात साफसफाईचा गट काही टप्प्यांवर मागेच होता.

एका चाचणीवर कोणी प्रथा सोडत नाही, आणि सोडूही नये. पण २००८ साली कॅनडातल्या गटाने व्यायाम व औषधं विरुद्ध व्यायाम, औषधं अधिक दुर्बिणीची शस्त्रक्रिया अशी तुलना केली. दोन वर्षांनी फरक नाही. २०१३ साली फिनलंडमध्ये १४६ जणांवर गुडघ्यातल्या हाडांमधली फाटलेली गादी (मेनिस्कस) कापण्याची खरी आणि लुटुपुटूची शस्त्रक्रिया करून पाहिली. यांना झिजेचा संधिवात नव्हता, फक्त वयोमानाने गादी फाटलेली होती. वर्षभराने दोन्ही गटांना सारखंच बरं वाटत होतं. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञ आणि रुग्ण यांच्या एकत्रित मंडळाने शिफारस केली : झिजेच्या गुडघ्यासाठी जवळजवळ कोणालाच दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये.

गुडघा बदलण्याचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे. त्यावर पुढे लिहीन. आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

निशिगंध

अगदी वेळेवर आला हा धागा. माझी आई ५८ वर्षांची आहे. उजवा गुडघा सात-आठ महिन्यांपासून दुखतोय, जिना उतरताना जास्त. एक्स-रेत 'सुरुवातीची झीज', एमआरआयमध्ये 'मेनिस्कस फाटलेला' असं आलंय. दुर्बिणीतून फाटलेला भाग काढून टाकू, छोटंसं ऑपरेशन आहे, असा सल्ला मिळाला. फाटलंय म्हटल्यावर आईच्या मनाने घेतलंय की आता शिवल्या-कापल्याशिवाय हे जाणार नाही. तुम्ही सांगितलेल्या चाचण्या तिला लागू होतात का?

अस्थिशल्य

निशिगंध, मी हाडांचा सर्जन आहे. तुमच्या आईला तपासल्याशिवाय तिच्याविषयी मत देणार नाही, पण एमआरआयच्या त्या ओळीबद्दल बोलतो, कारण माझ्या खोलीत रोज हेच घडतं.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयवर पाहिले होते. हे लोक ५० ते ९० वयाचे होते आणि गुडघा दुखतो म्हणून आलेले नव्हते, सरसकट निवडलेले होते. ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात कसलाच त्रास नव्हता. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. पन्नाशीनंतर गादीला चीर असणं हे बऱ्याचदा त्या झिजेचाच भाग असतं. चीर दिसते आणि गुडघा दुखतो म्हणून चिरेमुळेच दुखतो असं होत नाही.

तुमच्या आईसारख्यांसाठी सगळ्यात जवळची चाचणी म्हणजे २०१३ ची अमेरिकेतली 'मेटिऑर'. सात केंद्रं, ३५१ रुग्ण, वय ४५ च्या पुढे, गादी फाटलेली आणि सोबत सौम्य ते मध्यम झीज. एका गटाला शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी, दुसऱ्याला फक्त फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी हालचालीच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर अन्याय होईल. तरुण खेळाडूचा गुडघा मुरगळून गादी ताजी फाटते, किंवा फाटलेला तुकडा मध्ये अडकून गुडघा खरोखर कुलूप लागल्यासारखा सरळच होत नाही, असे रुग्ण या चाचण्यांत नव्हते. तिथे दुर्बिणीचा विचार वेगळा करावा लागतो. शिवाय मोझलींच्या चाचणीत सगळी ऑपरेशनं एकाच सर्जनने केली होती, रुग्ण बहुतेक पुरुष होते, आणि वेदना मोजायची त्यांची मुख्य मोजपट्टी आधी पारखलेली नव्हती. हे आक्षेप आमच्या क्षेत्रात तेव्हा जोरात घेतले गेले आणि ते योग्यच होते. फक्त नंतरच्या चाचण्यांत हे दोष नसूनही उत्तर तेच आलं.

शंकेखोर

माझा वेगळाच आक्षेप आहे. आजारी माणसाला भूल देऊन, कातडी कापून, आत काहीच न करता बाहेर काढायचं आणि वर दोन वर्षं त्याला सांगायचं नाही. ही सरळ फसवणूक झाली. विज्ञानाच्या नावाखाली हे चालतं कसं?

पाऊलवाट

शंकेखोर, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. फसवणूक होते ती माणसाला न सांगता केलं तर. मोझलींच्या चाचणीत भाग घेणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या केसपेपरवर, स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागत होतं : मला कदाचित फक्त प्लासिबो शस्त्रक्रिया मिळेल, म्हणजे माझ्या सांध्यावर शस्त्रक्रिया होणार नाही, आणि तिचा माझ्या संधिवाताला उपयोग होणार नाही, हे मला समजलं आहे. नुसती सही नव्हे. आणि लोकांनी ते समजून घेतलं याचा पुरावा म्हणजे विचारलेल्या ३२४ जणांपैकी १४४ जणांनी, म्हणजे ४४ टक्क्यांनी, सरळ नकार दिला. ज्या चाचणीला निम्म्याच्या आसपास लोक बिनदिक्कत 'नाही' म्हणू शकतात तिथली संमती खरी आहे, असं मी मानते.

आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. चाचणी झाली नसती तर हीच निरुपयोगी शस्त्रक्रिया लाखो लोकांवर होत राहिली असती. तिचे धोके, म्हणजे भूल, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, त्या लाखोंनी सोसले असते, तेही 'उपयोग होणार' या खात्रीवर. त्यांची संमती मला जास्त पोकळ वाटते.

हे फक्त गुडघ्यापुरतं नाही. २०१४ साली ऑक्सफर्डच्या गटाने प्लासिबो शस्त्रक्रियेशी तुलना केलेल्या सगळ्या प्रकारच्या ५३ चाचण्या एकत्र पाहिल्या. ३९ चाचण्यांत प्लासिबोच्या गटातही सुधारणा झाली होती आणि २७ चाचण्यांत खरी शस्त्रक्रिया प्लासिबोपेक्षा सरस ठरली नव्हती. औषध बाजारात यायच्या आधी चाचणी लागते, शस्त्रक्रियेच्या नव्या तंत्राला मात्र बऱ्याचदा सर्जनचा विश्वास पुरतो. मला याचा मनापासून राग येतो.

जुनाखेळाडू

चर्चा चांगली चालू आहे, पण वाचणाऱ्याला वाटेल की गुडघ्याची ऑपरेशनं म्हणजे सगळा मनाचा खेळ. माझे दोन्ही गुडघे बदललेत. आधी रात्री कूस बदलताना जाग यायची, पायाला धनुष्यासारखा बाक आला होता, दहा पावलांवर बसायला जागा शोधायचो. मनाचा खेळ असता तर त्याआधी घेतलेल्या इंजेक्शनांनीच बरा झालो असतो.

पहिले दीड-दोन महिने कठीण गेले, हे लपवत नाही. दुसऱ्या दिवशी उभं केलं. मग टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा, घोट्याखाली गुंडाळी ठेवून मांडी आवळायची आणि गुडघा खाली दाबून सरळ करायचा. वाकवण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण माझी फिजिओ सरळ करण्यावर जास्त भर द्यायची, कारण पूर्ण सरळ झाला नाही तर आयुष्यभर लंगडत चालाल म्हणायची. जिन्याचा नियम पाठ करून घेतला : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. आज मी तासभर सलग चालतो. ज्यांची झीज माझ्यासारखी टोकाला गेली आहे त्यांनी हा धागा वाचून घाबरून घरी बसू नये.

पाऊलवाट

काका, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे, आणि तुमच्या अनुभवामागे चाचणीचं पाठबळही आहे.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया १९७० च्या दशकापासून आजच्या रूपात होते आहे. पण ती आणि शस्त्रक्रियेविना उपचार यांची थेट, चिठ्ठ्या टाकून केलेली पहिली तुलना प्रसिद्ध झाली २०१५ साली! डेन्मार्कमध्ये सोरेन स्काऊ आणि सहकाऱ्यांनी ती केली. १०० रुग्ण. दोन्ही गटांना १२ आठवड्यांचा एकच कार्यक्रम : देखरेखीखाली व्यायाम, आजाराबद्दल शिक्षण, वजनासाठी आहाराचा सल्ला, बुटातले तळवे, गरजेप्रमाणे वेदनाशामक. फरक एवढाच की एका गटाचा गुडघा आधी बदलला.

वर्षभराने ० ते १०० च्या मोजपट्टीवर गुडघा बदललेल्यांचे गुण सरासरी ३२.५ ने वाढले, न बदललेल्यांचे १६ ने. म्हणजे दुप्पट. इतका मोठा फरक शस्त्रक्रियेच्या चाचण्यांत सहसा दिसत नाही.

पण मी या चाचणीचे तिन्ही आकडे एकत्र सांगते, एक उचलत नाही. दुसरा आकडा : शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर घटना २४, दुसऱ्या गटात ६. त्यात पायातली गुठळी होती, खोलवरचा जंतुसंसर्ग होता, आखडलेला गुडघा भूल देऊन वाकवावा लागणं होतं. तिसरा : शस्त्रक्रियेविना गटातल्या फक्त २६ टक्के लोकांनी वर्षभरात गुडघा बदलून घेतला. म्हणजे सगळे जण 'बदलायला पात्र' ठरलेले असूनही चारांतल्या तिघांनी पहिल्या वर्षी तरी तसंच निभावलं.

मर्यादाही आहेत. इथे लुटुपुटूचा गट नव्हता. गुडघा बदलला की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा वाटा यातून वेगळा काढता येत नाही. १,४०० हून जास्त लोकांची चाचपणी करून १०० जण घेतले गेले आणि सगळ्यात तीव्र वेदना असलेले त्यात नव्हते. म्हणजे काका, तुमच्या अवस्थेतल्या माणसाला फायदा याहून जास्त असू शकतो, पण ही चाचणी ते सांगत नाही.

हालचाल

मी फिजिओथेरपिस्ट. त्या १२ आठवड्यांबद्दल थोडं लिहिते, कारण 'व्यायाम करून पाहिला, फरक नाही' असं म्हणणाऱ्यांनी काय केलेलं असतं ते मी रोज ऐकते. कागदावर छापलेली चार चित्रं, त्यातलं पाय सरळ उचलणं आठवडाभर, मग बंद.

स्काऊंच्या चाचणीतला व्यायाम आठवड्यातून दोनदा, एकेक तासाचा, फिजिओच्या नजरेसमोर होता. खुर्चीतून हात न टेकता उठणं, पायरीवर चढ-उतार, एका पायावर तोल सांभाळताना गुडघा आत कलंडू न देणं. आणि जमायला लागलं की कठीण करत जाणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि घरी एकट्याने करताना हेच सुटतं.

लोक दुखलं की थांबतात. त्यांना मी सांगते की व्यायाम करताना थोडं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत ते आधीच्या पातळीला यायला हवं. नाही आलं तर व्यायाम कमी करायचा, बंद नाही. एवढं एक कळलं तरी पुष्कळ जण टिकून राहतात.

वजनाबद्दलही बोलायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, गुडघा बदलण्याच्या यादीत असलेल्या अतिस्थूल लोकांपैकी निम्म्यांना आधी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया केली. ८२ जणांची छोटी चाचणी, पण वजन उतरवलेल्या गटातल्या २९ टक्के लोकांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून गुडघा बदलायलाच नकार दिला.

रानवारा

मला कुणी विचारत नाही म्हणून लिहिते. माझा गुडघा बदलून बराच काळ झाला. एक्स-रे उत्तम, जखम उत्तम, सगळे म्हणतात झकास झालंय. आणि माझा गुडघा अजून दुखतो. आधीचं दुखणं वेगळं होतं, हे वेगळं आहे, पण आहे. ज्या रुग्णालयात केलं तिथे 'तुमच्या डोक्यात आहे' अशा अर्थाचं ऐकवलं. ऑपरेशनच्या आधी असं होऊ शकतं हे एकानेही सांगितलं नव्हतं.

अस्थिशल्य

रानवाराताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. तुमच्या डोक्यात नाही, आणि तुम्ही एकट्या नाही. २०१२ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा गुडघा बदलल्यानंतर दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहिलेल्यांचं प्रमाण साधारण पाचांत एक असं निघालं. खुब्याच्या बाबतीत ते यापेक्षा बरंच कमी आहे. हा आकडा ऑपरेशनच्या आधी सांगणं ही सर्जनची जबाबदारी आहे. कृपया दुसऱ्या सर्जनकडून नीट तपासणी करून घ्या : मंद जंतुसंसर्ग, भाग सैल होणं, वाटीचा त्रास, अस्थिबंधांचा तोल, आणि खुबा किंवा कंबरेतून येणारं दुखणं, हे सगळं तपासायला हवं. 'एक्स-रे चांगला' हे पुरेसं उत्तर नाही.

कोणाला असा त्रास जास्त होतो हेही थोडंफार कळलंय. ज्यांच्या एक्स-रेत झीज कमी पण दुखणं फार, त्यांना ऑपरेशनचा फायदा कमी मिळतो. शरीरात इतरत्रही दुखणं असणाऱ्यांनाही. म्हणून 'लवकर करून मोकळं व्हा' हा सल्ला मला पटत नाही.

वयाचाही संबंध आहे, पण तो वेगळ्या गोष्टीशी. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळ्या देशांच्या, सांधे बदलल्याच्या नोंदवह्यांची आकडेवारी एकत्र आली : पूर्ण बदललेले गुडघे २५ वर्षांनी सुमारे ८२ टक्के टिकलेले असतात, अर्धे बदललेले (म्हणजे फक्त झिजलेली बाजू बदललेले) ७० टक्के. चांगली बातमी. पण त्याआधी २०१७ साली ब्रिटनमधल्या नोंदींवरून आयुष्यभराचा धोका काढला गेला. सत्तरीनंतर गुडघा बदलला तर पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता साधारण ५ टक्के. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. पुढे जगायची वर्षंही जास्त आणि वापरही जास्त. आणि दुसऱ्यांदा बदललेला गुडघा पहिल्याइतका चांगला सहसा होत नाही.

आभाळ

माझ्या वडिलांना एका चाचणीत भाग घ्याल का असं विचारलंय. वय ६६, झीज फक्त गुडघ्याच्या आतल्या बाजूला. एका गटाचा अर्धा गुडघा बदलणार, दुसऱ्याचा पूर्ण, आणि कुठल्या गटात जाल ते संगणक ठरवणार. आम्ही घरी गोंधळलोय. डॉक्टरला चांगलं काय ते माहीत नाही म्हणून संगणकाला विचारतात का, असं आईचं म्हणणं. आपले बाबा प्रयोगाचा उंदीर होतील अशी भीती वाटते.

पाऊलवाट

आभाळ, आईंचं म्हणणं एका अर्थी अगदी बरोबर आहे. अशी चाचणी तेव्हाच नैतिक ठरते जेव्हा दोन्हींपैकी चांगलं काय हे जाणकारांनाही खात्रीने माहीत नसतं. माहीत असतं तर चिठ्ठी टाकणं हाच गुन्हा ठरला असता. आणि डॉक्टरने स्वतःच्या अंदाजाने ठरवलं तर सडपातळ, उत्साही, कमी आजारांचे रुग्ण एका बाजूला जातात. मग निकाल शस्त्रक्रियेचा की रुग्णांचा, हे सांगता येत नाही.

तुमच्याच प्रश्नावर ब्रिटनमध्ये 'टॉपकॅट' ही चाचणी झाली. २७ रुग्णालयं, ५२८ रुग्ण, झीज आतल्या बाजूलाच. मोजपट्टी ऑक्सफर्ड नी स्कोअर : १२ प्रश्न, ० ते ४८ गुण. गुडघे टेकून बसून पुन्हा उठता येतं का, जिना उतरता येतो का, रात्री दुखतं का असे साधे प्रश्न असतात त्यात. पाच वर्षांनी अर्धा बदललेल्यांचे सरासरी ३८ गुण, पूर्ण बदललेल्यांचे ३७. म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने फरक नाही. एकूण खर्चाच्या हिशेबात मात्र अर्धा सरस.

आता गंमत बघा. नोंदवह्यांत अर्धे गुडघे जास्त वेळा पुन्हा बदलले जातात, आणि वर डॉक्टरांनी दिलेले आकडेही तेच सांगतात. या चाचणीत पाच वर्षांत तसा फरक दिसला नाही. याची कारणं असू शकतात : अर्धा गुडघा दुखला तर तो पूर्ण करणं सोपं, म्हणून सर्जन लवकर तयार होतात. शिवाय अर्धे गुडघे क्वचित बसवणाऱ्या सर्जनचे निकाल कमी चांगले येतात. म्हणजे बाबा चाचणीत जावोत न जावोत, 'तुम्ही स्वतः वर्षाला असे किती करता?' हे विचाराच.

मग आणखी चाचणी कशाला, हे चाचणी घेणाऱ्यांना विचारा. पाच वर्षांच्या पुढचं पाहायचंय, की वेगळा कृत्रिम सांधा, की रोबोट? रोबोटबद्दल एवढं सांगते की कोरियात ६५ च्या आतल्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, किमान दहा वर्षांचा पाठपुरावा. रोबोटने केलेले आणि हाताने केलेले गुडघे गुणांतही सारखे निघाले आणि टिकण्यातही. तो जुन्या पिढीचा रोबोट होता, हे मान्य. पण नव्या यंत्राने काप अचूक येतो याचा पुरावा आणि रुग्ण बरा चालतो याचा पुरावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते घरी आणा, बसून वाचा. चाचणी सुरू व्हायच्या आधीच सार्वजनिक नोंदवहीत नोंदलेली आहे का, नैतिक समितीची मान्यता आहे का, इजा झाली तर उपचाराचा आणि भरपाईचा भार कोण उचलणार, पैसे कृत्रिम सांधा बनवणारी कंपनी देतेय का, हे सगळं त्यात लिहिलेलं असायला हवं. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारावर परिणाम होत नाही, हेही. प्रश्न विचारल्यावर कोणी घाई केली किंवा चिडलं तर तिथे सही करू नका.

उंदराबद्दल : चाचणीतल्या रुग्णाचा पाठपुरावा नेहमीच्या रुग्णापेक्षा जास्त काटेकोर होतो. पण तेवढ्यासाठी जाऊ नका. 'दोन्हींपैकी काहीही मिळालं तरी मला चालेल' असं बाबांना मनापासून वाटत असेल तरच जावं.

चारोळी

पंचेचाळिशीतल्या माणसाने काय करायचं? आतल्या बाजूची झीज, पायाला बाक, काम दिवसभर उभं राहण्याचं. बदलायला 'वय लहान आहे' म्हणतात आणि दुर्बिणीचा तर उपयोग नाही.

अस्थिशल्य

चारोळी, अशांसाठी पायाची रेषा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे, हाय टिबियल ऑस्टिओटॉमी. गुडघ्याखालचं नडगीचं हाड कापून कोन सुधारायचा, प्लेट बसवायची, म्हणजे भार झिजलेल्या आतल्या बाजूवरून चांगल्या बाहेरच्या बाजूकडे सरकतो. स्वतःचा सांधा राहतो. १९६० च्या दशकापासून होते आहे. वेदना कमी होतात हे दिसतं, पण शस्त्रक्रियेविना उपचारांपेक्षा किती सरस, याचा चाचण्यांतला पुरावा गुडघा बदलण्याइतका भक्कम नाही. हाड जुळायला वेळ लागतो आणि धूम्रपान करणाऱ्यांत ते नीट न जुळण्याचा धोका जास्त, म्हणून आधी सिगारेट बंद.

नेदरलँड्समध्ये आणखी एका पद्धतीवर काम झालंय : गुडघ्याच्या वर-खाली हाडात पिना घालून बाहेरून चौकट बसवायची आणि सांधा साधारण ५ मिलिमीटर ताणून दीड-दोन महिने तसाच ठेवायचा. भार नसलेल्या त्या काळात कूर्चा काही प्रमाणात भरून येतो असं दिसलं. अभ्यास छोटे आहेत आणि पिनांच्या जागी जंतुसंसर्ग वारंवार होतो. माझ्या मते ही अजून चाचणीच्या आतच करायची गोष्ट आहे.

निशिगंध

सर्वांचे आभार. आईला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले. गुडघा पूर्ण सरळ होतो, अडकत नाही, हे त्यांनीही तपासून सांगितलं. आधी १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम, मग ठरवू, यावर ते तयार झाले. आईची एकच शंका उरलीय : थांबल्यामुळे नुकसान झालं तर? मेटिऑरमधल्या व्यायामाच्या गटातून ज्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं, त्यांचं काय झालं?

पाऊलवाट

निशिगंध, तो आकडा आहे. व्यायामाच्या गटातल्या सुमारे ३० टक्के लोकांनी पहिल्या सहा महिन्यांत ऑपरेशन करून घेतलं. वर्षअखेर त्यांची हालचाल आधीच ऑपरेशन झालेल्यांच्या बरोबरीला आलेली होती. म्हणजे आधी व्यायाम केल्याने त्यांचं काही हुकलं नाही. उलट फिनलंडच्या चाचणीत पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा गादी कापलेल्या गटात एक्स-रेवरची झीज किंचित जास्त वाढलेली आढळली.

आईला सुरुवातीलाच ऑक्सफर्ड स्कोअरचे ते १२ प्रश्न भरायला सांगा आणि कागद जपून ठेवा. १२ आठवड्यांनी पुन्हा भरा. चारेक गुणांची वाढ झाली असेल तर फरक खरा धरायला हरकत नाही.

हालचाल

आणि पहिले दोन आठवडे दुखणं थोडं वाढलं तरी सोडू देऊ नका. त्यात काही अडलं तर इथेच विचारा, मी बघत असते.